चार्जिंगचा दिवा

"मामा, हा दिवा कसला ओ?" मी विचारलं.

स्टेअरिंगच्या पुढं, काट्यांच्या खाली, बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला होता. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, एवढं मला ठाऊक होतं. आज तो विझलाच नव्हता. घरापासून तसाच असणार, पण माझं लक्ष गेलं ते गावाबाहेरच्या देवळापाशी आल्यावर.

मामा म्हणजे माझे सासरे. शेजारी बसले होते, मांडीवर डब्याची पिशवी. दिव्याकडं न बघताच म्हणाले, "जुनी गाडी हाय. लागतोय कवा कवा."

"थांबवू का?"

"बंद पडंल तवा बघू."

दुसऱ्या कुणाला याचं नवल वाटलं असतं. हा माणूस जन्मभर वायरमन होता. घरातली ट्यूब जरा फडफडली तर ताटावरून उठून स्टुलावर चढणारा. त्याच्यासमोर लाल दिवा लागलाय आणि तो म्हणतोय बघू. पण मला त्या दिवसांत कशाचंच नवल वाटत नव्हतं. मी गिअर टाकला आणि गाडी पुढं नेली.

मी मुळात तोंडाळ बाई. माहेरी म्हणायचे, जयमालाला एक विचारा, दहा ऐका. आताही ऑफिसात माझ्या तोंडाला लागायला साहेब लोक भितात. पण हे गेले आणि माझं तोंड मिटलं. रडलेसुद्धा नाही. बाया गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांना पाणी आणून द्यायची. 'दगड झालाय पोरीचा,' असं माझ्यासमोरच बोलायच्या. बोलू देत. मला तेही लागत नव्हतं. चहात साखर आहे का मीठ, हे कळत नव्हतं. सगळं कसं बधिर, दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात ना, तसं. फक्त गालाला नाही, अंगभर.

एकदा माझी पोरगी ओवी अंगणात पडली. गुडघा फुटला, रक्त आलं, ती 'आई' म्हणून ओरडली. मी उंबऱ्यावर बसून होते. बघत होते. उठलेच नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून धावत आल्या आणि तिला उचललं. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. म्हटलं, या घरातनं बाहेर पडले नाही तर मी आहे तशी संपणार, आणि पोरीला आई असून नसल्यासारखी.

म्हणून ती नोकरी मला पाहिजे होती. वीज कंपनीत यांच्या वायरमनच्या जागेवर अनुकंपा म्हणून मला घेतलं होतं, तेही कारकून म्हणून नाही. लग्नाआधी मी आयटीआय केलेलं, इलेक्ट्रिशियन. वर्गात आम्ही दोघीच मुली. त्यामुळं मला लाइनवरच घेतलं. हजर व्हायला कऱ्हाडला जायचं होतं आणि मी आज जाते उद्या जाते करत दिवस घालवले होते. आता शेवटचा दिवस उरला होता, आणि त्या दिवशी ऑफिस दुपारपर्यंतच. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचले तर नोकरी, नाही तर जागा दुसऱ्याला.

मामांचा याला साफ नकार. "माझा एक घेतला त्या खांबानं," एवढंच म्हणाले आणि त्यानंतर माझ्याशी बोलणंच सोडलं. घरात दोघंही मुके. आत्याबाई बिचाऱ्या दोन भिंतींमध्ये राहिल्यासारख्या. त्या मला हळूच म्हणायच्या, तू जा, मी पोरीला बघते, त्यांचं मनावर घेऊ नको, दुधानं तोंड पोळलंय त्यांचं. मी मान हलवायची.

आणि आदल्या दिवशी संध्याकाळी, मी सकाळच्या एसटीची तयारी करत होते तर मामा दारात येऊन म्हणाले, "एसटीनं कशाला? आपली गाडी काढ. मी येतो संगं." आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, बघ, वळले की नाही. गाडी यांनीच घेतलेली, जुनी, पांढरी. मला चालवायला शिकवलं तेही यांनीच, शाळेच्या मैदानावर, पोरं हसत असताना. मामा त्या संध्याकाळी बॉनेट उघडून बराच वेळ पुढं वाकले होते. पाणी, ऑइल बघत असतील, असं मी धरून चालले.

तर सकाळची एसटी आमच्यासमोरनं निघून गेली, आणि मागनं आम्ही.

आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, पार वरच्या अंगाला. थंडीचे दिवस, रस्त्यावर धुकं. मामा म्हणाले, मोठे दिवे लाव. मी लावले. जरा खाली उतरल्यावर धुकं फाटलं, ऊन पडलं. मी दिव्यांकडं हात नेला तर म्हणाले, असू देत, वळणं हायती. मग म्हणाले उकडतंय, आणि स्वतःच हात पुढं करून पंखा मोठा केला. अंगावर स्वेटर, कानाला मफलर, आणि उकडतंय. त्यांचा दुसरा हात सारखा सदऱ्याच्या खिशावर जात होता. छातीच्या डाव्या बाजूला.

"छातीत दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई."

मी काळजीनं विचारलं असं वाटेल, पण नाही. वाटेत दवाखान्यात थांबावं लागलं तर उशीर होईल, एवढाच विचार डोक्यात होता. सांगायला लाज वाटते, पण बधिर माणूस असाच असतो.

त्यांच्या खिशांबद्दल सांगायला पाहिजे. मामा नोकरीत होते तेव्हा शिंप्याकडनं मुद्दाम मोठे खिसे लावून घ्यायचे. लोक हसायचे, तात्या बाजार भरून आणतोय काय. पण ते खिसे फ्यूजसाठी होते. खांबावर चढायच्या आधी वायरमन डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, जातो, चिनीमातीचे फ्यूज काढतो, म्हणजे लाइन मरते. ते फ्यूज मामा कधी खाली ठेवायचे नाहीत, कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. खिशात घालूनच वर चढायचे. वर माणूस असताना खाली कुणी शहाणा फ्यूज बसवायला गेला तर? फ्यूज खिशात असला की प्रश्नच मिटला. आणि खाली एक माणूस उभा राहायचा. वरच्याला दिसला नाही तरी त्यानं मधनंमधनं आवाज द्यायचा, 'मी हाय खाली.' ही त्यांची रीत. मुलालाही तीच शिकवली.

ज्या दिवशी हे गेले, त्या दिवशी खालचा माणूस रजेवर होता. यांनी फ्यूज काढले. पण खिशात नवीन मोबाइल होता, त्याला ओरखडे पडतील म्हणून फ्यूज डीपीच्या पेटीवर ठेवले आणि वर चढले. पलीकडं गिरणीपुढं दळणाची रांग लागलेली. लाइट कधी येणार, लाइट कधी येणार. रांगेतला एकजण उठला, डीपीपाशी गेला, त्याला फ्यूज पेटीवर पडलेले दिसले. त्याला वाटलं वायरमन विसरून गेला. उचलले आणि बसवले. त्याचं नाव मी घेत नाही. त्यालाही लेकरंबाळं आहेत, आणि तोही तेव्हापासून माणसांत नाही.

मामा तिथं पोचले तेव्हा सगळे यांच्याभोवती होते. मामा आधी डीपीकडं गेले. फ्यूज काढले, खिशात घातले, आणि मग मुलाजवळ येऊन बसले. हे मला लोकांनी सांगितलं.

पाटण मागं पडलं आणि गाडीनं गडबड सुरू केली. एका म्हशीला हॉर्न दिला तर नुसतं घशातल्या घशात खरखरलं. दिवे मिणमिणे झाले, पंखा दमला. इंजिनला दोन-तीन आचके बसले आणि एका फाट्याच्या अलीकडं गाडी गप्प झाली. मी किल्ली फिरवली. टक् एवढाच आवाज.

"पडली बंद," मामा म्हणाले. तो आवाज मी पुढं कितीतरी वेळा आठवून पाहिलाय. त्यात काळजी नव्हती. सुटल्यासारखा होता.

फाट्यावर चहाची टपरी होती आणि तिला लागून एक गॅरेज. टपरीवरच्या माणसांनी गाडी ढकलून तिथं नेली. गॅरेजवाला हारुण मुल्ला, मेंदी लावलेली दाढी, बोलायला गोड. मी त्याला सांगितलं की मला ऑफिस बंद व्हायच्या आत कऱ्हाडला पोचायचंय, आजच. त्यानं एकदा माझ्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि जास्त काही विचारलं नाही.

मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. परत जाऊ. नशिबात न्हाई."

मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

हारुणभाईनं दुसरी बॅटरी आणली, दोन जाड वायरींनी आमच्या बॅटरीला जोडली आणि मला किल्ली मारायला सांगितली. गाडी लगेच सुरू झाली. लाल दिवा तसाच. तो म्हणाला, ताई, बॅटरी ही नुसती टाकी. ती भरायचं काम इंजिनवरचा डायनामो करतो. हा दिवा सांगतोय की टाकी भरतच नाही. तुम्ही घरापासून साठ्यावर आलाय, आणि वर दिवे, पंखा सगळं चालू. बंद ठेवलं असतं तर अजून बरंच पुढं गेला असता.

मी मामांकडं पाहिलं. ते रस्त्याकडं बघत होते.

मग त्यानं मीटर लावलं. इंजिन चालू असताना काटा चढायला पाहिजे, तो चढत नव्हता. पट्टा दाबून पाहिला, घट्ट. बॅटरीची टोकं हलवून पाहिली, पक्की. डायनामोच्या मागच्या वायरी एकेक ओढून पाहिल्या. "डायनामोच गेला असंल तर आज काय होत न्हाई," असं पुटपुटत तो खाली वाकला, त्याला कान लावला, आणि परत सरळ झाला. "आवाज तर चांगला हाय."

मी पिशवी खांद्याला लावली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. गाडी नाही तर वडाप. एक जीप आली, टपावर माणसं बसलेली, थांबली नाही. दुसरी आली, तीही तशीच. पुढची एसटी दुपारची, ती पोचेपर्यंत ऑफिसला कुलूप. मी ट्रकला हात केला. आमच्या गावच्या सुनेनं ट्रकला हात करावा, मामांच्या डोळ्यांदेखत. मला त्याचंही काही वाटलं नाही. ट्रक थांबत होता, तेवढ्यात हारुणभाईनं हाक मारली.

तो बॉनेटखालची एक छोटी काळी पेटी उघडून बसला होता. आत रंगीत फ्यूज ओळीनं बसवलेले, आणि मधलं एक घर रिकामं.

"हे बघा ताई. चार्जिंगचा फ्यूज. जळालेला न्हाई, तुटलेला न्हाई. फ्यूजच न्हाई. ह्याच्याबिगर डायनामो उठतच न्हाई."

"वाटेत पडला असंल," मी म्हटलं.

"हा पडत नसतो. ओढून काढायला लागतोय."

गाडी घेतली तेव्हापासून बॉनेट कुणाकुणाच्या हाताखालून गेलं, याचा मी विचार करायला लागले. विचार फार लांब गेला नाही. काल संध्याकाळपर्यंतच गेला. तरी मी तो मनातनं ढकलून दिला, कारण मला उशीर होत होता.

हारुणभाईनं डबे पालथे घातले, पण त्या मापाचा फ्यूज त्याच्याकडं नव्हता. मग त्यानं कोपऱ्यातला एक वायरीचा तुकडा उचलला, दातानं वरचं प्लॅस्टिक सोललं आणि तांब्याची तार मोकळी केली. "काळजी करू नका. तार टाकून देतो. आरामात जाल कऱ्हाडला. सगळी दुनिया असंच करती."

तो तार घेऊन पेटीवर वाकला.

"तार नको." मामांचा आवाज मोठा नव्हता, पण हारुणभाईचा हात थांबला.

"काय होत न्हाई तात्या, दहा मिनटाचं—"

"तार टाकायची न्हाई म्हनलं ना. मी लाइन बंद केलीया."

हारुणभाईला काही कळेना. मला कळलं. मामांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि रुमाल काढला. रुमालाची गाठ सोडली. आत निळ्या प्लॅस्टिकचा, दोन पात्यांचा फ्यूज, नखाएवढा. त्या मोठ्या खिशात तो एवढासा फ्यूज सापडणारसुद्धा नाही, म्हणून रुमालात बांधला होता.

आणि मला राग आला. यांना नेलं तेव्हा आला नाही, त्या गिरणीच्या माणसावर आला नाही, तो तिथं, त्या फाट्यावर, कानशिलं तापेपर्यंत आला. इतक्या दिवसांनी अंगात काहीतरी फिरलं तर ते हे.

"मला मारायला निघालाय का तुम्ही?" मी म्हटलं. "घरात बसवून मारायचंय का मला? तुमचा मुलगा त्या खांबावर गेला. मी तर घरात बसल्या जागी चाललेय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

टपरीवरची माणसं बघायला लागली. हारुणभाई हात पुसत चार पावलं लांब गेला.

मामांनी फ्यूज मुठीत धरला. मग म्हणाले, "आजचा दिस टळला असता म्हंजे झालं असतं. उद्या त्यांनी घेतलंच नसतं तुला. माणूस वर जायला लागला की लाइन बंद करायची. मला दुसरं काय येतंय?"

"मी जाणार," मी म्हटलं.

"ट्रकला हात केलास तवाच कळलं."

त्यांनी फ्यूज माझ्या हातावर ठेवला. हारुणभाईला दिला नाही. मी तो रिकाम्या घरात दाबून बसवला. हारुणभाईनं मीटर लावलं, काटा चढला. आत लाल दिवा विझला होता. निघताना तो म्हणाला, बॅटरी चांगली दमलीय, कऱ्हाडपर्यंत इंजिन बंद करू नका, दिवे-पंखा लावू नका. मामांनी मुकाट्यानं पंख्याचं बटण बंद केलं.

कऱ्हाड दिसायला लागलं तेव्हा मामा एकदाच बोलले. "काढलेला फ्यूज कुणाच्या हातात द्यायचा न्हाई. सायबानं मागितला तरी न्हाई. खिशातच."

"हो."

"मोबाइल दुसरीकडं ठेवायचा."

"हो."

ऑफिसात मी सह्या केल्या तेव्हा शिपाई खिडक्या लावायला लागला होता. मामा बाहेर बाकावर बसले होते. तिथल्या जुन्या लोकांनी त्यांना ओळखलं, चहा दिला, त्यांनी तो घेतला. साहेबांनी मला विचारलं, खांबावर चढाल ना? मी म्हटलं, चढेन. माझा आवाज मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आला.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. फाटा मागं गेला, पाटण गेलं, नदीकाठचा रस्ता लागला. मी समोर बघत गाडी चालवत होते आणि माझ्या गालावरनं काहीतरी ओघळलं. मग थांबेचना. रस्ता दिसेना. मी गाडी तशीच रेटत होते.

"बाजूला घे," मामा म्हणाले.

मी कडेला घेतली. त्यांनी हात लांब करून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. मग दार उघडून बाहेर उतरले. मला वाटलं, सुनेचं रडणं बघवत नाही म्हणून लांब जातायत. पण ते लांब गेले नाहीत. गाडीला पाठ लावून, माझ्या दाराशीच उभे राहिले, रस्त्याकडं तोंड करून.

मी स्टेअरिंगवर डोकं टेकून मोठमोठ्यानं रडले. एखादी गाडी यायची, वेग कमी करायची, मामा तिला हातानं जा म्हणायचे. आणि मधनंमधनं, मागं न बघता, मला आवाज द्यायचे.

"मी हाय खाली."